एकटा बोंबील दोरीवर राहत नाही

फिलोमिना मावशी. माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी माझ्या तोंडात हे नाव येतं आणि मग थोडं ओशाळल्यासारखं होतं. आईवडिलांनी जन्म दिला, पोटाला चिमटा घेऊन शिकवलं. पण आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो उत्तनजवळच्या पालीतल्या या कोळीण बाईंच्या उजव्या हातामुळे. हे अलंकारिक बोलणं नाही. खरोखरच हातामुळे, खांद्यापासून मनगटापर्यंतच्या.

दिवाळी उलटली, हवेतला दमटपणा गेला, की गोडदेवच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुकी मासळी विकणारी बाई पाटी घेऊन बसायला लागते. हंगामाचा पहिला बोंबील पुरता कडक झालेला नसतो, वाकवला तर वाकतो. त्याचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. समोरच्या दारातले भाई खिडकी लावून घेतात आणि जिन्यात भेटले की विचारतात, "ये स्मेल तुम्हारे यहाँ से आता है क्या?" मी म्हणतो, "नीचे से आता है, भाई." खरं तर तेव्हा मी माझी खिडकी सताड उघडून तिथेच उभा असतो. त्या वासात माझा एक अख्खा हंगाम आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून इथे इंजिनिअरिंग शिकायला आलो. समुद्र पाहिला नव्हता, पण बोंबील पाहिला होता. आमच्या आठवडी बाजारात तो गोणीतून यायचा, मोडका, धुळीने माखलेला. आई तो तव्यावर भाजून कांद्यात चुरायची आणि त्या दिवशी भाकरी कमी पडायची. पालीत पहिल्यांदा उतरलो तेव्हा अरुंद गल्लीच्या शेवटी, समुद्राच्या अंगाला, उंच बांबूंवर ताणलेल्या दोऱ्या आणि त्यांवर हजारो पांढरे बोंबील लोंबताना दिसले. वाऱ्यावर सगळे एकाच वेळी हलत होते. मला आईचा तवा आठवला. वाटलं, आमच्या ताटात येणारा इथूनच निघत असेल.

त्या दोऱ्यांच्या मांडवाला तिथे वलांडी म्हणतात. मावशींची वलांडी त्यांच्या दारातच होती आणि घराच्या माळ्यावर मी भाड्याने राहत होतो. शहरातली खोली मला झेपणारी नव्हती म्हणून मी तिथवर गेलो, आणि मावशींना घरात माणसाचा आवाज हवा होता म्हणून त्यांनी ठेवून घेतलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लग्न होऊन डहाणूकडे, आणि मुलगा जेरोम मालवाहू जहाजावर. वर्ष-दीड वर्षाने घरी यायचा.

एका सकाळी मी मदतीला म्हणून टोपलीपाशी बसलो. एकेक बोंबील उचलून दोरीवर टाकत सुटलो आणि तो प्रत्येक घसरून वाळूत पडत गेला. मावशींनी थोडा वेळ पाहून घेतलं. मग दोन बोंबील उचलले, एकाच्या उघड्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला, मनगट जरासं वळवलं आणि जोडी दोरीवर भिरकावली. एक अलीकडे, एक पलीकडे.

"एकटा बोंबील दोरीवर ऱ्हात न्हाय, बाला," त्या म्हणाल्या. "त्याला पलीकडं वजन लागतं."

शेजारची सबिना मावशी तिच्या वलांडीवरून ओरडली, "अगो, इंजनेर हाय तो. त्याला यंत्र लागंल जोडी लावायला."

आज मला ते बोलणं आठवतं तेव्हा वाटतं, सबिना मावशीने गंमत केली नव्हती, भविष्य सांगितलं होतं.

जेरोम मागच्या खेपेला एक संगणक घरात ठेवून गेला होता, मोठ्या पडद्याचा, आईला आपला चेहरा नीट दिसावा म्हणून. तो खिडकीत अंगणाकडे तोंड करून बसवला होता. जाताना तो रागावून बोलला होता, "आय, मी फोन करतो नि तू उचलत न्हायस. मग मी कशाला करू?" ते वाक्य मावशी सगळ्यांना सांगायच्या, पण दुःखाने नाही. जवळजवळ कौतुकाने. "करतो तो. रोज करतो. माजाच हात भरलेला असतो."

आणि ते खोटं नव्हतं. टोपलीपाशी बसलं की दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट. आत फोन वाजला की उठायचं, हात धुवायचे, पुसायचे, संगणकापाशी जायचं. तोवर तो गप्प झालेला. माउसवर मिठाचं पाणी ठिबकून तो बंद पडलेला. संगणकाच्या स्पर्शपट्टीवर बोट फिरवलं तर बाण जागचा हलायचा नाही. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात आणि काट्यांत राहून त्यांच्या बोटांची टोकं झिजून गुळगुळीत झाली होती. रेशनच्या दुकानातही अंगठा लागायचा नाही. "माजं बोट मशीनला दिसत न्हाय," असं त्या म्हणायच्या, जसं एखादी बाई म्हणेल की मला जवळचं दिसत नाही.

मी शेवटच्या वर्षाला होतो. प्रकल्पाला विषय सापडत नव्हता. सोबतची मुलं मोठमोठे विषय घेऊन बसली होती आणि मला वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारला की घाम फुटायचा. त्यातच आदल्या वर्षाचा एक विषय राहिला होता. एकदा मी सगळं सोडून गावी जायला बॅग भरली. मावशींनी बॅगेकडे पाहिलं. नुसतं म्हणाल्या, "जायच्या आधी त्या डब्याचा काय तरी इलाज कर. पोराचा फोन फुकट जातो."

त्या इलाजातून माझा प्रकल्प झाला.

अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा एक बोर्ड मिळतो. त्याच्या पोटात हालचाल ओळखणारा सेन्सर असतो आणि तारेशिवाय बोलायची सोयही. त्याला शिकवलं तर तो संगणकाला बेधडक सांगतो, मी कीबोर्ड आहे. संगणक विश्वास ठेवतो. मग हात हलला की संगणकाला वाटतं कुणीतरी कळ दाबली. मला एवढंच करायचं होतं: मावशींनी उठू नये, हात धुऊ नयेत, कशाला बोट लावू नये, टोपलीपाशी बसूनच फोन उचलावा.

पण कोणत्या हालचालीने? पुस्तकात हात गोल फिरवा, डावीकडे हलवा असं दिलं होतं. मावशी ते दोनदा करायच्या आणि विसरायच्या. मग मला कळलं की नवी हालचाल शिकवायचीच कशाला? जी हालचाल त्यांचा हात झोपेतही करू शकतो ती होतीच की.

बोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जुन्या रबरी हातमोज्याच्या कडेत शिवून मी त्यांच्या मनगटावर बांधला. त्या जोड्या टाकत राहायच्या आणि मी खिडकीत बसून पडद्यावर त्यांच्या हाताच्या रेघा उमटताना बघायचो. रेघ वर चढायची, माथ्यावर क्षणभर थांबायची, मग कोसळायची. तो थांबा म्हणजे जोडी हातातून सुटण्याचा क्षण. मी स्वतः बांधून तसं करून पाहिलं तर माझ्या रेघेत तो थांबा नसायचा. बोर्ड तो थांबाच ओळखायला शिकला. म्हणजे माझा हात त्याला परका आणि मावशींचा ओळखीचा.

पहिल्या दिवशी मी एक गोष्ट विसरलो. फोन वाजत नसतानाही त्या जोड्या टाकतच असणार. मी कॉलेजात होतो. मावशी सकाळभर वलांडी भरत होत्या आणि आत संगणक प्रत्येक फेकीला कुठली तरी कळ दाबत होता. त्याने खिडक्या उघडल्या, बंद केल्या, आणि ओळखीतल्या जवळजवळ सगळ्यांना फोन लावला. संध्याकाळी परत आलो तर सबिना मावशी दारातच उभी. "तुजी मावशी काय करते बघ. फादरला बोंबील टाकून फोन लावते."

मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "फादर विचारतात, फिलोमिना, काय झालं? मी म्हटलं, फादर, मी न्हाय केला, बोंबलानं केला."

मग मी ते दुरुस्त केलं. फोन वाजत असेल तेव्हाच फेक लागू. आणि दुसरी हालचाल आपोआप ठरली. वलांडीवर कावळे उतरले की मावशी तोच हात आडवा झटकायच्या. कावळा हाकलला की फोन कट. "म्हणजे नको असलेला माणूस कावळा," असं सबिना मावशीने जाहीर केलं, आणि नणंदेचा फोन आला की तिकडून ओरडायची, "हाकल गो, हाकल."

जेरोमचा पहिला फोन आला तेव्हा मी अंगणातच होतो. आत घंटी वाजली. मावशींच्या हातात जोडी तयार होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जोडी दोरीवर टाकली, आणि खिडकीत त्यांच्या मुलाचा चेहरा उघडला.

"आय? उचललास कसा?"

"टाकला आणि उचलला," मावशी म्हणाल्या. मग एकदम, "जेवलास का?"

तो हसला. मागे जहाजाचं लोखंड घरघरत होतं. थोडंसं बोलून तो म्हणाला, ड्यूटी आहे, परत करतो.

त्या दिवशी मावशींनी माझ्या ताटात हाताने चार फुगे वाढले, नाताळला मैद्याचे तळून करतात ते, अवेळीच. आणि रोजचा हुकूमही सोडला नाही: "आधी आयेला फोन कर, मंग जेव." मी पालीत असेपर्यंत हा हुकूम मोडला नाही. आई म्हणायची, इतका काय फोन करतोस, तिथे करमत नाही का? मी कसं सांगणार की इथे एक बाई माझ्या ताटावर हात धरून बसली आहे.

यापुढचं लिहायला मला जड जातं.

त्यानंतर जेरोमचा आणखी एकदा फोन आला. मग दिवस जात राहिले. वलांडी भरायची, वाळायची, उतरायची, पुन्हा भरायची. पट्टा मावशींच्या मनगटावर असायचा. आत घंटी वाजली की हात हवेत थांबायचा आणि पडद्यावर नाव बघून आडवा व्हायचा. कुणी कर्ज घ्या म्हणायचं, कुणी विमा. एका संध्याकाळी मी विचारलं, "आज कुणाचा आला होता का, मावशी?" टोपली विसळत त्या म्हणाल्या, "दिवसभर कावळेच."

नाताळच्या दिवशी अंगण धुतलेलं होतं, वलांडी रिकामी. मावशींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि त्या काठापदराखालच्या हातावर तो काळा रबरी पट्टा. दुपारी आलेले पाहुणे गेले. त्या खिडकीसमोर खुर्ची टाकून बसल्या. सबिना मावशी फराळाची ताटली घेऊन आली आणि ती खिडकीत ठेवत म्हणाली, "दर्यावर रेंज नसंल गो."

मावशींनी मनगटावरचा पट्टा दुसऱ्या हाताने नीट बसवला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "मशीन चांगली हाय."

मग माझ्याकडे वळून, मला वाईट वाटू नये अशा सुरात म्हणाल्या, "तुजी मशीन चांगली हाय, बाला. तिचा काय दोष न्हाय."

त्या वाक्यापाशी मी अजूनही येऊन थांबतो. "माजाच हात भरलेला असतो" हे त्यांच्या घराचं छप्पर होतं. त्याखाली त्या सुखाने राहत होत्या. मुलगा रोज फोन करतो आणि दोष आपल्या चिकट हातांचा, यावर आई आयुष्य काढू शकते. माझ्या यंत्राने हात मोकळा केला आणि मग फोन येत नाही एवढंच उरलं. जेरोमला मी वाईट म्हणत नाही. दूर गेलेल्या माणसाला घरी फोन करायला काय काय आडवं येतं, हे मला ठाऊक आहे. माझ्या ताटावर कुणी हात धरला नसता तर मीही त्याच्यापेक्षा वेगळा वागलो असतो असं नाही. पण खिडकीसमोरची ती खुर्ची मी पाहिली आहे.

हंगाम संपत आला तशी माझी तोंडी परीक्षा आली. बोर्डाला माझा हात ओळखता येत नव्हता आणि पुन्हा शिकवायला वेळ नव्हता. मी चाचरत मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मंग मी येते. त्यात काय."

सकाळी आभाळ भरून आलं होतं. वलांडी गच्च होती. हंगामाचा शेवटचा मोठा माल. मी म्हणालो, राहू द्या. त्यांनी आभाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवीत सुक्या बोंबलाची एक जोडी घेतली आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या.

परीक्षकांच्या खोलीत वातानुकूलित थंडी होती आणि पिशवीतून वास दरवळत होता. बाहेरून आलेले परीक्षक जरा मागे सरकून बसले. मी माझ्या मोबाइलवरून फोन लावला. संगणक वाजला. त्या खोलीत दोरी नव्हती, म्हणून खुर्चीच्या पाठीवर मावशींनी जोडी टाकली. हात वर गेला, माथ्यावर क्षणभर थांबला, खाली आला. पडद्यावर माझा चेहरा उघडला.

परीक्षकांनी विचारलं, "मावशी, खरं सांगा. याचा तुम्हाला घरी उपयोग होतो का?"

मी खाली बघत होतो.

"व्हतो ना," मावशी म्हणाल्या. "पोरगा जहाजावर हाय माजा. रोज फोन करतो. माजा हात भरलेला असतो, मंग असा टाकते नि बोलते. लय बोलतो तो."

त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. पाहता पाहता त्यांनी ते जुनं छप्पर पुन्हा उभं केलं होतं. या वेळी माझ्यासाठी.

परत येताना उत्तनच्या रस्त्यावर बसच्या काचेवर थेंब दिसले. मावशींनी हात मांडीवर ठेवले होते. पालीत पोहोचलो तेव्हा सरी थांबल्या होत्या आणि वलांडीवर सगळा माल भिजून लोंबत होता. सबिना मावशीने आपला उतरवून मग धावत येऊन जेवढा वाचला तेवढा आत घेतला होता. भिजलेला बोंबील पुन्हा नीट वाळत नाही, लाल पडतो, खताला जातो. मावशी वलांडीखाली जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आयेला फोन कर. पास झालास सांग."

"निकाल लागायचाय, मावशी."

"लागंल."

लागला. दीक्षांत समारंभात आई आली होती. काळा झगा घातलेल्या माझ्याकडे तिने परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं, आणि मग सांभाळून, चुरगळू नये म्हणून, झग्याची कडा दोन बोटांत धरली. मावशी आल्या नाहीत. हंगाम नसतानाही त्यांना कामं असतात, असं त्या म्हणाल्या.

परवा पालीला गेलो होतो. वलांडी होती तिथे आता दुचाक्या लावतात. दोन बांबू तेवढे उभे आहेत, त्यांना साखळी बांधली आहे. खिडकी बंद. सबिना मावशी थकली आहे, पण जीभ तीच. "आता यंत्र घेऊन आलास, इंजनेर? तुजी मावशी गेली लेकीकडं. खांदा धरला तिचा. हात कानाच्या वर जात न्हाय. केस विंचरायला लेक लागते."

"जेरोम?"

तिने समुद्राकडे हात आडवा केला. कावळा हाकलावा तसा नव्हता तो. नुसताच, तिकडे कुठेतरी, असा.

घरी आलो आणि जुन्या संगणकातून त्या हंगामातल्या रेघा काढल्या. मी त्या टाकून दिल्या नव्हत्या. वर चढणारी रेघ, माथ्यावरचा थांबा. तो हात आता वर जात नाही, पण रेघेत अजून जातो. बघता बघता प्रत्येक चढणीच्या आधी एक बारीकसं वळण दिसलं. त्या वेळी मी ते निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवलं होतं. जबड्यात जबडा अडकवतानाचं मनगटाचं वळण. त्याला खांदा लागत नाही. आठवडाभर बसून मी नव्या बोर्डाला तेवढंच शिकवलं आणि एका जुन्या टॅबसोबत पार्सल केलं. सोबत पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरांत; मावशी चर्चच्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या आहेत, सावकाश वाचतात. फोनवर सांगता आलं असतं. पण कागदाला त्यांचं बोट दिसतं.

फिलोमिना मावशींना,

नमस्कार. खांद्याचं सबिना मावशीकडून कळलं. लेकीला सांगून शेक घ्या. मी येईन, पण त्याआधी हे पाठवतो.

डब्यात पट्टा आहे. पहिल्यासारखाच आहे, रबर मऊ घातलं आहे. त्यासोबत एक पडदा आहे, तो उशाशी उभा करून ठेवा. लेकीच्या मुलाला सांगितलं तर तो लावून देईल.

आता हात वर उचलायचा नाही. जोडी लावताना मनगट वळवता ना, तेवढंच वळवायचं. अंथरुणावर पडूनसुद्धा होईल. तुमचीच जुनी हालचाल आहे, मी साठवून ठेवली होती. माझ्या हाताने ते होत नाही. मी करून पाहिलं.

त्या दिवशी परीक्षकांना तुम्ही जे सांगितलंत त्यावर मी पास झालो. तेव्हा मला काही बोलता आलं नाही. भिजलेल्या मालाबद्दलही तुम्ही कधी बोलला नाहीत. माझ्या घरात भिंतीवर पदवीचा कागद लावला आहे. कुणी बघायला आलं की मी आधी तुमचं नाव सांगतो.

मशीन चांगली आहे, मावशी. तुम्हीच म्हणाला होतात. पण मशीन फोन करत नाही, माणूस करतो. म्हणून लिहितो की दर रविवारी संध्याकाळी, आईला फोन करून झाला की, जेवायच्या आधी मी तुम्हाला फोन करीन. मी जेरोम नाही, हे मला माहीत आहे. त्याचा आला तर माझ्यावर कावळा हाकला, मला राग येणार नाही.

त्याचा येईपर्यंत नुसतं मनगट वळवा. पलीकडं वजन लागतं असं तुम्हीच शिकवलंत. पलीकडं मी आहे.

तुमचा,
माळ्यावरचा